चालू वेब ॲपमध्ये पॅकेजमधून व्ह्यू बसवताना

टर्मिनलमध्ये 'एनपीएम इन्स्टॉल व्ह्यू' टाइप केलं. एनपीएम हे जावास्क्रिप्टची पॅकेजं आणून देणारं साधन, आणि व्ह्यू हे पानाचा दिसणारा भाग बांधायचं एक फ्रेमवर्क. दोन-चार सेकंदांत पॅकेजं आल्याचा निरोप आला, कुठे काही लाल झालं नाही. मग पानावरच्या स्क्रिप्ट टॅगमध्ये व्ह्यू इम्पोर्ट करणारी ओळ लिहिली, ब्राउझर रिफ्रेश केला, तर पान होतं तसंच. कन्सोल उघडला तेव्हा तक्रार दिसली: 'व्ह्यू' हा पत्ता कळत नाही, पत्त्याची सुरुवात तिरक्या रेघेने किंवा टिंबाने व्हायला हवी.

नव्याने या वाटेला लागलेले बहुतेक जण पहिल्यांदा इथेच अडकतात. मीही अडकलो होतो, आणि त्या दिवशी तेच पॅकेज तीनदा काढून तीनदा टाकलं होतं. पॅकेजची काहीच चूक नव्हती. ते आलं होतं माझ्या डिस्कवर, आणि ब्राउझरला त्या फोल्डरची काही कल्पनाच नसते. इन्स्टॉल एका ओळीत होतं. त्या फोल्डरपासून वापरणाऱ्याच्या ब्राउझरपर्यंतचा रस्ता मात्र आपल्याला बांधावा लागतो, आणि या लेखात तोच बांधायचा आहे.

गृहीत असं धरतो की तुमच्याकडे आधीपासून चालणारं ॲप आहे. सर्व्हर एचटीएमएल बनवून पाठवतो. मग तो पीएचपीचा असो, पायथनचा, रूबीचा किंवा जावाचा. पानांवर थोडंफार जेक्वेरी, म्हणजे पानात बदल करायची जुनी जावास्क्रिप्ट लायब्ररी, आहे. उदाहरणाला बिलाचा फॉर्म घेऊ: एकेक ओळ, ओळीत वस्तू, नग, दर, आणि खाली बेरीज. जेक्वेरीत हे लिहिलं की ओळ वाढवली तर बेरीज करा, ओळ काढली तर बेरीज करा, दर बदलला तर बेरीज करा, आणि यातली एक जागा राहिली की बिल चुकतं. व्ह्यूसारख्या फ्रेमवर्कमध्ये ओळींची यादी एकाच जागी राहते आणि बेरीज त्या यादीवरून आपोआप निघते. सगळा खटाटोप एवढ्यासाठीच.

कमांड आणि फाइलींची नावं इथे उच्चाराप्रमाणे लिहिली आहेत. टाइप करताना ती रोमन अक्षरांत, छोट्या लिपीत.

पॅकेज हवंच आहे का?

हे आधी विचारा. एकाच पानावर एक छोटासा तुकडा हवा असेल, तर सीडीएनवरून (लायब्ररीच्या तयार फाइली पुरवणाऱ्या सार्वजनिक सर्व्हरवरून) एक स्क्रिप्ट टॅग पुरतो. व्ह्यू तसंही चालतं. नोड (ब्राउझरबाहेर जावास्क्रिप्ट चालवणारा प्रोग्राम) नको, बिल्ड (आपल्या कोडमधून ब्राउझरसाठी तयार फाइली बनवणं) नको. त्यात कमीपणा काही नाही. फक्त टॅगमध्ये पूर्ण आवृत्ती लिहा, नाहीतर एखाद्या सकाळी पान न विचारता बदललेलं दिसेल.

पॅकेजची गरज पुढे लागते. तुकडे दोन-चार झाले, प्रत्येकाला स्वतःची फाइल हवीशी वाटली, तारखेचा कॅलेंडर किंवा आलेख काढणारी आणखी एखादी लायब्ररी लागली, आणि टीममधल्या सगळ्यांकडे तीच आवृत्ती असणं भाग पडलं, की मग पॅकेज. जेक्वेरी २००६मध्ये आलं. त्या काळात एक फाइल उतरवून जेएस फोल्डरमध्ये टाकायची रीत होती. दोन वर्षांनी ती कोणती आवृत्ती आहे आणि तिच्यात कुणी हात घातलाय का, हे सांगणारं कुणी उरायचं नाही. पॅकेज मॅनेजरने मुख्यतः हा प्रश्न सोडवला.

इथे एक फाटा फुटतो. तुमच्या सर्व्हरच्या भाषेचं स्वतःचं पॅकेज मॅनेजर असतं: रूबीत जेम, डॉटनेटमध्ये न्यूगेट, पीएचपीत कंपोजर. तिथेही जावास्क्रिप्टच्या लायब्ऱ्या गुंडाळून ठेवलेल्या सापडतात. जावावाल्यांच्या वेबजार्स त्याच जातीच्या. सोयीचं वाटतं, पण मूळ लायब्ररी आणि तुम्ही यांच्यात आणखी एक हात येतो. मूळ लेखकांनी दुरुस्ती काढली तरी गुंडाळणाऱ्याने नवी प्रत काढेपर्यंत थांबावं लागू शकतं. माझा कल सरळ एनपीएमकडे असतो.

फ्रेमवर्क निवडण्यावर मी फार वेळ घालवणार नाही. रिॲक्ट २०१३मध्ये खुलं झालं, व्ह्यू २०१४मध्ये आलं. दोन्ही चालू पानातल्या एका डिव्हवर बसतात. अँग्युलरला अख्खं घर लागतं, त्यामुळे जुन्या ॲपच्या एका कोपऱ्यासाठी ते जड जातं. एक सापळा मात्र सांगून ठेवतो: एनपीएमवर नुसतं 'अँग्युलर' नावाचं पॅकेज टाकलंत, तर येतं ते २०१०च्या जमान्यातलं जुनं अँग्युलरजेएस, ज्याची देखभाल केव्हाच थांबली आहे. नवं अँग्युलर 'ॲट' चिन्हाने सुरू होणाऱ्या नावाखाली असतं. व्ह्यूची गत थोडी वेगळी. नाव तेच, पण फेब्रुवारी २०२२पासून त्या नावाने आवृत्ती ३ येते. शिकवणी जुनी असली आणि तिच्यात 'न्यू व्ह्यू' असं लिहिलेलं दिसलं, तर ती आवृत्ती २ची आहे. ती ३१ डिसेंबर २०२३ला निवृत्त झाली. तो कोड इथे चालणार नाही, त्यामुळे ती शिकवणी बंद करा.

पाया

नोड डॉट जेएस इन्स्टॉल करा, डाउनलोड पानावर 'एलटीएस' लिहिलेली आवृत्ती. एनपीएम त्याच्याबरोबरच येतं. घाबरू नका, तुमचा सर्व्हर नोडवर नेण्याचा हा बेत नाही. नोड लागतो तो फक्त बिल्ड करण्यापुरता. वापरणाऱ्याच्या ब्राउझरला आणि तुमच्या पीएचपी-पायथनला त्याचा पत्ताही लागत नाही.

मग गिटमध्ये नवी ब्रँच काढा, आणि हातातलं सगळं काम कमिट झालेलं असू द्या. हे सवयीचं म्हणून लिहीत नाही. का लिहितोय ते व्हीटच्या, म्हणजे बिल्ड करणाऱ्या साधनाच्या, सेटिंगपाशी कळेल.

प्रोजेक्टच्या मुळाशी जाऊन 'एनपीएम इनिट डॅश वाय' चालवा. पॅकेज डॉट जेसन नावाची फाइल तयार होते. आता दोन इन्स्टॉल. पहिलं व्ह्यूचं. दुसरं 'डॅश कॅपिटल डी' लावून दोन गोष्टींचं: व्हीट, आणि व्हीटला व्ह्यूच्या फाइली समजावणारा प्लगइन, ज्याचं नाव ॲट-व्हीटजेएस, तिरकी रेघ, प्लगइन-डॅश-व्ह्यू असं आहे. व्हीटचं स्पेलिंग व्ही-आय-टी-ई. फ्रेंचमध्ये या शब्दाचा अर्थ 'झटपट', म्हणून उच्चारही तसा. व्ह्यू आणि व्हीट दोन्ही इव्हान यू यांनी सुरू केले, त्यामुळे त्यांचं आपसात चांगलं जमतं.

नावं टाइप करताना एक अक्षरही इकडचं तिकडे होऊ देऊ नका. २०१७मध्ये 'क्रॉस-ईएनव्ही' या लोकप्रिय पॅकेजचं मधली रेघ गाळलेलं नाव घेऊन कुणीतरी एक बनावट पॅकेज चढवलं होतं. चुकून ते टाकणाऱ्यांच्या मशीनवरची गुपितं ते बाहेर पाठवत होतं. पॅकेज इन्स्टॉल करणं म्हणजे अनोळखी माणसाचा कोड आपल्या मशीनवर चालू देणं, हे लक्षात असू द्या.

जुन्या लेखांत इन्स्टॉलपुढे 'डॅश डॅश सेव्ह' लिहिलेलं दिसेल. २०१७च्या एनपीएम ५पासून त्याची गरज उरलेली नाही.

आता लगेच कोड लिहायला धावू नका. गिट स्टेटस पाहा आणि काय काय बदललं ते वाचा. पॅकेज डॉट जेसनमध्ये 'डिपेंडन्सीज'खाली व्ह्यू दिसेल, 'डेव्ह-डिपेंडन्सीज'खाली व्हीट आणि प्लगइन. व्ह्यूच्या आकड्याआधी छपरासारखी एक खूण असते. तिचा अर्थ: पहिला आकडा बदलू नका, पुढचे वाढले तर चालतील. म्हणजे ३.४.० लिहिलं असेल तर ३.५ चालेल, ४ नाही. शून्याने सुरू होणाऱ्या आवृत्त्यांना ती खूण जास्त कडक असते. तिथे मधला आकडाही बदलू देत नाही.

दुसरी फाइल पॅकेज-लॉक डॉट जेसन. ती लांबलचक असते आणि हाताने कुणी लिहीत नाही, म्हणून नवखे तिला कचरा समजून गिटमधून वगळतात. नेमकं उलट करायचं. पॅकेज डॉट जेसनमध्ये काय चालेल ते लिहिलेलं असतं, लॉक फाइलमध्ये प्रत्यक्षात काय आलं ते. तुमच्याकडे चालतं आणि सहकाऱ्याकडे चालत नाही, हा तंटा या फाइलमुळेच मिटतो. तिला कमिट करा. नोड-मॉड्यूल्स हा फोल्डर मात्र गिट-इग्नोरमध्ये टाका. एकदा तो उघडून बघा जरूर: आपण मागितलं तीन नावांचं सामान, आणि वऱ्हाड केवढं आलंय!

रिकामा डिव्ह

फ्रंटएंडच्या कोडसाठी एक वेगळा फोल्डर करा. मी त्याला सरळ 'फ्रंटएंड' म्हणतो. त्यात दोन फाइली. एक घटकाची (घटक म्हणजे व्ह्यूत लिहिलेला पानाचा एक तुकडा), जिचं एक्सटेन्शन डॉट व्ह्यू; तिच्यात टेम्पलेट, स्क्रिप्ट आणि स्टाइल एकत्र राहतात. दुसरी 'मेन डॉट जेएस', तिचं काम चारच ओळींचं: व्ह्यूमधून क्रिएट-ॲप इम्पोर्ट करा, घटक इम्पोर्ट करा, पानावरचा ठरलेला डिव्ह शोधा, सापडला तर त्यावर ॲप माउंट करा, म्हणजे बसवा.

'सापडला तर' हे शब्द गाळू नका. मेन फाइल बहुधा सगळ्या पानांच्या सामाईक लेआउटमध्ये जाते, आणि बिलाचा डिव्ह एकाच पानावर असतो. तपासलं नाही तर बाकी प्रत्येक पानावर कन्सोलमध्ये माउंटची जागा सापडली नाही अशी इशाऱ्याची ओळ येत राहते.

सर्व्हरच्या टेम्पलेटमध्ये आपला जुना बिलाचा तक्ता असतो. मोह होतो की त्यावरच व्ह्यू माउंट करावं आणि आहे त्या एचटीएमएलमध्ये व्ह्यूच्या खुणा पेराव्यात. तसं करू नका. कारणं तीन, आणि तिन्हीत मी पोळलोय.

पहिलं, पॅकेजमधून नेहमीसारखं इम्पोर्ट केलं की व्ह्यूची जी प्रत येते तिच्यात टेम्पलेट कंपाइल करणारा भाग नसतो. डॉट व्ह्यू फाइलींचं कंपाइलिंग बिल्डच्या वेळीच उरकलेलं असतं, म्हणून तो वगळून प्रत हलकी ठेवतात. पानातल्या एचटीएमएलवर माउंट केलं तर ती प्रत आधी आतलं सगळं पुसते, आणि काढायला तिच्याकडे काही नसतं. पान कोरं. डेव्हलपमेंटमध्ये निदान कन्सोलवर इशारा येतो. प्रॉडक्शनमध्ये इशारे काढून टाकलेले असतात, त्यामुळे तिथे एकही एरर नाही आणि फॉर्मही नाही.

दुसरं, दुहेरी महिरपी कंस. व्ह्यूला ते लागतात, आणि जँगो, जिंजा, ब्लेड या सर्व्हरच्या टेम्पलेटनाही तेच लागतात. सर्व्हर आधी येतो, कंसांतलं आपलं समजून खाऊन टाकतो, आणि व्ह्यूपर्यंत काहीच पोचत नाही.

तिसरं कारण सगळ्यात गंभीर. व्ह्यूचा कंपाइलर असलेली पूर्ण प्रत वापरून पहिल्या अडचणीतून सुटता येतं. पण त्या तक्त्यात वापरणाऱ्याने लिहिलेला मजकूर असेल, आणि कुणी वस्तूच्या नावात मुद्दाम दुहेरी महिरपी कंस घालून कोड लिहिला, तर व्ह्यू तो टेम्पलेट समजून चालवेल. सर्व्हरने एचटीएमएल नीट एस्केप केलेलं, म्हणजे त्यातल्या खास खुणा निरुपद्रवी केलेल्या, असूनही. कारण त्या कंसांत एस्केप करण्यासारखं सर्व्हरला काही दिसतच नाही.

म्हणून टेम्पलेटमध्ये एक रिकामा डिव्ह ठेवा, त्याला आयडी द्या. आतलं सगळं डॉट व्ह्यू फाइलमध्ये.

व्हीटची सेटिंग, आणि माझी गेलेली चित्रं

मुळाशी व्हीटची कॉन्फिग फाइल करा. तिचं एक्सटेन्शन जेएस न ठेवता एमजेएस ठेवा. पॅकेज डॉट जेसनमध्ये 'टाइप: मॉड्यूल' लिहिलेलं नसेल तर साध्या जेएस फाइलमधून प्लगइन लोड होताना अडू शकतो आणि ईएसएम-रिक्वायरबद्दलचा एक कोड्यात टाकणारा एरर येऊ शकतो. एका अक्षराने तो टळतो.

फाइलमध्ये सांगायच्या गोष्टी: व्ह्यूचा प्लगइन वापर, बिल्डची सुरुवात मेन डॉट जेएसपासून कर, तयार माल अमुक फोल्डरमध्ये टाक, मॅनिफेस्ट (तयार फाइलींच्या नावांची यादी) बनव, आणि बेस, म्हणजे ब्राउझरला त्या फाइली कोणत्या पत्त्यावर मिळतील तो. बेस चुकला तर मुख्य स्क्रिप्ट येते, पण घटकातली चित्रं आणि मागाहून लोड होणारे तुकडे ४०४ देतात. अर्धंच चालणारं पान शोधायला फार त्रास देतं, म्हणून हे आत्ताच नीट लिहा.

आता ती गोष्ट. पहिल्यांदा मी तयार माल टाकायला फोल्डर दिला तो ॲपचा स्टॅटिक फोल्डरच. तिथेच सगळं सीएसएस, लोगो, चित्रं होती. बिल्ड चालवलं, हिरवी खूण आली, पान उघडलं तर लोगोच्या जागी तुटलेल्या चित्राची खूण. प्रोजेक्टच्या आतल्या आउटपुट फोल्डरला व्हीट प्रत्येक बिल्डआधी पूर्ण रिकामा करतं. ते त्याचं ठरलेलं वागणं आहे, मी वाचलं नव्हतं इतकंच. सीएसएस आणि लोगो गिटमधून परत आले. त्याच सकाळी टाकलेली आणि कमिट न केलेली चार चित्रं गेली ती गेलीच.

तर आउटपुटला स्वतंत्र उपफोल्डर द्या, ज्यात दुसरं काहीही राहणार नाही. आणखी एक: प्रोजेक्टच्या मुळाशी 'पब्लिक' नावाचा फोल्डर असेल तर व्हीट त्यातलं सगळं आपणहून आउटपुटमध्ये उतरवतं. पीएचपी आणि रूबीच्या बऱ्याच ॲपमध्ये पब्लिक हा वेबचाच मूळ फोल्डर असतो, आणि आउटपुटही त्याच्याच आत. मग आतल्या आत प्रती निघू लागतात. अशा वेळी सेटिंगमध्ये 'पब्लिक-डिर'ला फॉल्स करून टाका.

दोन वेळा, दोन टॅग

पानावर टॅग कोणता लावायचा हे डेव्हलपमेंट की प्रॉडक्शन यावर ठरतं. हे डोक्यात नीट बसलं की बाकी सोपं.

डेव्हलपमेंटमध्ये दोन सर्व्हर चालतात. एक तुमचा नेहमीचा, दुसरा 'एनपीएक्स व्हीट' लिहिल्यावर उठणारा. तो पोर्ट ५१७३वर बसतो. हा आकडा उगाच नाही: रोमन पाच म्हणजे व्ही, १ म्हणजे आय, ७ टीसारखा, ३ उलटा ई. लेआउटमध्ये दोन स्क्रिप्ट टॅग घाला, दोघांचा टाइप 'मॉड्यूल'. पहिला लोकलहोस्ट ५१७३वरच्या ॲट-व्हीट-क्लायंटचा, दुसरा तिथल्याच मेन डॉट जेएसचा. घटक बदलून सेव्ह केला की पान रिफ्रेश न होता तेवढाच भाग बदलतो. तुमचं ॲप लोकलहोस्टऐवजी एखाद्या बनवलेल्या होस्टनावावर चालत असेल तर कॉर्सचा, म्हणजे दुसऱ्या पत्त्यावरून फाइल घेण्यावरच्या ब्राउझरच्या बंधनाचा, एरर येईल. व्हीटच्या सर्व्हर सेटिंगमध्ये ते नाव मान्य करावं लागतं.

प्रॉडक्शनमध्ये व्हीटचा सर्व्हर नसतो. 'एनपीएक्स व्हीट बिल्ड' चालवलं की फाइली तयार होतात आणि नावात आठेक अक्षरांचा एक हॅश येतो. फाइलीतला मजकूर बदलला की नाव बदलतं, त्यामुळे ब्राउझर जुनी प्रत धरून बसत नाही. पण मग टॅगमध्ये नाव कोणतं लिहायचं? ते मॅनिफेस्टमध्ये असतं. सर्व्हरच्या भाषेत पंधरा-वीस ओळींचं एक फंक्शन लिहा: मॅनिफेस्ट वाचा, मेन डॉट जेएसची नोंद शोधा, तिच्यातल्या 'फाइल'चा स्क्रिप्ट टॅग बनवा. जवळपास प्रत्येक मोठ्या सर्व्हर फ्रेमवर्कसाठी हे करणारं तयार पॅकेज मिळतं, तरी पहिल्यांदा हाताने लिहिलेलं बरं. बिघडलं की कुठे बघायचं ते कळतं.

त्याच नोंदीत सीएसएसची यादी असते. तिचे लिंक टॅग बनवायला लोक हमखास विसरतात, कारण डेव्हलपमेंटमध्ये स्टाइल जावास्क्रिप्टच्या हातूनच पानात येते आणि सगळं छान दिसतं. प्रॉडक्शनवर पहिल्यांदा चढवल्यावर फॉर्म अंगावर कपडे नसल्यासारखा दिसला, तर तपासायला दुसरीकडे जाऊ नका.

सर्व्हरचा डेटा, जुना फॉर्म, जुनं जेक्वेरी

रिकाम्या डिव्हला आधीच्या बिलाच्या ओळी कुठून मिळणार? पहिल्या दिवशीच एपीआय लिहायची गरज नाही. सर्व्हरने ओळींचं जेसन बनवावं, नीट एस्केप करून त्याच डिव्हच्या एका डेटा-ॲट्रिब्यूटमध्ये ठेवावं. मेन फाइलमध्ये ते वाचा, पार्स करा, आणि क्रिएट-ॲपला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून द्या. घटकाला ते प्रॉप, म्हणजे बाहेरून दिलेली किंमत, म्हणून मिळतं.

पाठवतानाही तेच धोरण. व्ह्यूचा डिव्ह जुन्या फॉर्म टॅगच्या आत ठेवा, आणि घटकातल्या इनपुटना सर्व्हरला अपेक्षित असलेलीच नावं द्या. व्ह्यूने काढलेलं इनपुटही शेवटी इनपुटच असतं. सबमिट केलं की जुन्या पत्त्यावर जुन्याच पद्धतीने जातं; सीएसआरएफ टोकन (फॉर्म आपल्याच पानावरून आला याची खूण), सर्व्हरवरची तपासणी, काही बदलत नाही. बेरीज मात्र सर्व्हरवर पुन्हा करा. ब्राउझरमधली बेरीज माणसाला दाखवण्यापुरती.

दोन बारक्या गोष्टी इथे हटकून छळतात. 'ओळ जोडा' बटण दाबलं की पूर्ण फॉर्मच सबमिट होतो, कारण फॉर्मच्या आतल्या बटणाचा टाइप सांगितला नाही तर तो सबमिट धरला जातो. टाइप 'बटण' लिहा. आणि इनपुटमधून येणारी किंमत अक्षरं म्हणून येऊ शकते, आकडा म्हणून नाही. नग गुणिले दर केलं तर भाषा सांभाळून घेते, पण थेट रकमांची बेरीज केली तर १० आणि २० मिळून १०२० होतात. इनपुट आणि डेटा जोडणाऱ्या व्ही-मॉडेलपुढे 'डॉट नंबर' लावा.

जेक्वेरी राहू दे. दोघं एका पानावर सुखाने नांदतात, अट एकच: एकाच्या डिव्हमध्ये दुसऱ्याने हात घालायचा नाही. मॉड्यूल प्रकारची स्क्रिप्ट पान पूर्ण वाचून झाल्यावरच चालते. पानाच्या मध्ये लिहिलेली जुनी जेक्वेरी तिच्याआधी चालून जाते, आणि व्ह्यू जे बटण अजून काढायचं आहे त्याला शोधत बसते. व्ह्यूच्या आतलं काही बाहेर कळवायचं असेल तर एक कस्टम इव्हेंट पाठवा आणि जेक्वेरीला तो डॉक्युमेंटवर ऐकू द्या.

सर्व्हरवर चढवताना

बिल्ड सर्व्हरवर करू नये असं माझं मत आहे. सीआयवर (आपोआप बिल्ड आणि तपासणी करणाऱ्या व्यवस्थेवर) करा, तसं काही नसेल तर स्वतःच्या मशीनवर, आणि तयार फाइली पाठवा. बिल्डच्या जागी 'एनपीएम इन्स्टॉल'ऐवजी 'एनपीएम सीआय' चालवा. ते नोड-मॉड्यूल्स पुसून लॉक फाइलीबरहुकूम नव्याने भरतं, आणि दोन्ही फाइलींत विसंगती असली तर तिथेच थांबतं.

'माझ्याकडे चालतंय' या सदरातले तीन नेहमीचे प्रकार. एक, व्हीट सापडत नाही असा एरर: बिल्डच्या जागी नोडचं वातावरण 'प्रॉडक्शन' ठरवलेलं असलं की डेव्ह-डिपेंडन्सीज येतच नाहीत, आणि व्हीट तिथेच आहे. दोन, घटकाची फाइल सापडत नाही: फाइलच्या नावात पहिलं अक्षर मोठ्या लिपीत आणि इम्पोर्टमध्ये छोट्या. विंडोज आणि मॅक सहसा चालवून घेतात, लिनक्स घेत नाही. तीन, मॅनिफेस्ट सापडत नाही: व्हीट ५पासून ती फाइल टिंबाने सुरू होणाऱ्या फोल्डरमध्ये असते, आणि फाइली उचलून नेणारी काही साधनं असे फोल्डर वगळतात. सेटिंगमध्ये मॅनिफेस्टला साधं नाव देऊन ती बाहेर आणता येते.

चढवल्यावर डेव्हलपर टूल्समधला नेटवर्क टॅब उघडा. हॅश असलेली स्क्रिप्ट २००ने आली पाहिजे, आणि ५१७३ हा आकडा कुठेही दिसता कामा नये. दिसला तर डेव्हलपमेंटचे टॅग तसेच गेले आहेत.

पुढे

'एनपीएम आउटडेटेड' काय मागे पडलंय ते दाखवतं, 'एनपीएम अपडेट' छपराच्या खुणेच्या मर्यादेत पुढे नेतं. महिन्यातून एकदा, वेगळ्या कमिटमध्ये. 'एनपीएम ऑडिट' बरेचदा फक्त बिल्डमध्ये लागणाऱ्या पॅकेजांबद्दल आरडाओरडा करतं. वाचा, पण त्याने सुचवलेली 'फोर्स'वाली कमांड डोळे झाकून चालवू नका, ती पहिला आकडासुद्धा बदलते.

नवं पॅकेज घेताना हात जरा आखडता ठेवा. मार्च २०१६मध्ये 'लेफ्ट-पॅड' नावाचं ११ ओळींचं पॅकेज त्याच्या लेखकाने एनपीएमवरून काढून घेतलं आणि जगभरातले बिल्ड कोसळले. मजकुराच्या डावीकडे मोकळी जागा भरणं एवढंच ते करत होतं. त्यानंतर पॅकेज काढून घेण्याचे नियम कडक झाले. पण २०१८मध्ये 'इव्हेंट-स्ट्रीम'ची देखभाल एका नव्या स्वयंसेवकाकडे गेली आणि त्यातून बिटकॉइनची पाकिटं लुटणारा कोड शिरला, तेव्हा नियम काही कामाला आले नाहीत. बिलात तारीख नीट छापायला पॅकेज लागत नाही. ब्राउझरमध्ये त्यासाठी 'इंटल' आधीपासून आहे.

दुसऱ्या पानावर व्ह्यू लागलं की नवं इन्स्टॉल नको, नवी कॉन्फिग नको. फ्रंटएंड फोल्डरमध्ये दुसरी मेन फाइल करा, व्हीटच्या इनपुटमध्ये तिचं नाव वाढवा, त्या पानावर आणखी एक रिकामा डिव्ह ठेवा. बिल्डनंतर मॅनिफेस्ट उघडून पाहिलंत तर व्ह्यूचा सामाईक भाग व्हीटने स्वतःहून वेगळ्या फाइलमध्ये काढलेला दिसेल, दोन्ही पानांनी मिळून एकदाच उतरवावा असा.